चोवीस वर्षांची कमान

मागच्या शनिवारी मुंबईत गेटवेला गेलो होतो. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा तिथे उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान. बांधून पुरी झाली १९२४ ला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून निघून गेली! दगड राहिला, राज्य गेलं. अवघ्या चोवीस वर्षांत.

हे इतिहासाच्या पुस्तकात असतंच, मग इथे कशाला? कारण आम्ही ख्रिस्ती लोकच ते विसरलोय. चर्चमध्ये साक्ष काय ऐकू येते, तर "दशांश दिला, प्रभूने प्रमोशन दिलं". निवडणूक आली की "अमका निवडून आला तर आपण सुरक्षित". अहो, ज्याच्या मागे चालतो म्हणतो तो जन्मला गोठ्यात, आणि त्याच्याकडे ना पद होतं ना पैसा!

लूकच्या शुभवर्तमानातला तो धनवान मोठी कोठारं बांधायचे बेत करत होता, त्याच रात्री गेला. आमची कोठारं म्हणजे शेअर्स नि दुसरा फ्लॅट. मी तरी कुठे वेगळा आहे? अप्रेजलच्या आदल्या रात्री करतो तेवढी मनापासून प्रार्थना एरवी होत नाही.. लाज वाटते.

पगार घ्या, मत द्या, जरूर. पण भरवसा त्यांच्यावर? सुभेदार पिलाताचं नाव आज जगाला ठाऊक आहे, ते त्याने क्रुसावर दिलेल्या माणसामुळे. सत्ता कुणाची टिकली, तुम्हीच सांगा.