थोरांच्या कृपाकटाक्षाची प्रतीक्षा

खानापूर तालुक्यातील एका मातेने मध्यंतरी आम्हांस आपल्या मुलाची चिंता सांगितली. मुलगा वीस वर्षांचा, निर्व्यसनी व कष्टाळू. दोन वर्षे तो मोबाइलवर व्हिडिओ काढून यूट्यूबवर घालीत असे: भाताची लावणी, ओढ्याला आलेला पूर, आजोबांचे बांबूच्या टोपल्या विणणे. गावकरी ते आवडीने पाहत. परंतु त्यास हवे होते एका नामांकित व्हिडिओकाराचे शाबासकीचे एक वाक्य. त्या गृहस्थास त्याने इन्स्टाग्रामवरून शंभरावर संदेश धाडले. एकाचेही उत्तर आले नाही. अखेर एके रात्री उद्वेगाने त्याने सारे व्हिडिओ पुसून टाकले. या उन्हाळ्यात देवाघरी गेलेल्या आजोबांचे तेवढेच चित्रण घरात होते.

"फादर, मोठी माणसे इतकी गर्विष्ठ का असतात?" असा त्या माउलीचा प्रश्न होता.

गर्व असेल वा नसेल. बहुधा कारण याहून साधे असते. इन्स्टाग्रामवर अनोळखी व्यक्तीचा संदेश नेहमीच्या संदेशांत जात नाही. तो 'विनंत्या' म्हणून निराळ्या कप्प्यात पडतो. ज्याचे चाहते लाखोंनी मोजावयाचे, त्याच्या त्या कप्प्यात रोज किती संदेश साचत असतील याची कल्पनाच करावी. तेव्हा आपल्या तरुणांनी हे ध्यानी घ्यावे, की उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे. ज्याने आपले काम पाहिलेच नाही, त्याच्या मौनावरून त्या कामाची किंमत ठरविणे हा स्वतःवर अन्याय आहे.

कोणी म्हणेल, थोरांच्या एका दृष्टिक्षेपाने भाग्य उजळल्याची उदाहरणे आहेतच की! आहेत खरी. कॅनडातील स्ट्रॅटफर्ड गावच्या जस्टिन बीबर या बालकाने २००७ साली गावातील गायनस्पर्धेत भाग घेतला. त्याच्या आईने ते गाणे यूट्यूबवर घातले, ते नातेवाइकांना व स्नेह्यांना पाहता यावे म्हणून. पुढे दुसऱ्याच गायकाचे व्हिडिओ शोधीत असता स्कूटर ब्रॉन या व्यवस्थापकाच्या दृष्टीस ते योगायोगाने पडले, आणि अशर या प्रसिद्ध गायकाने त्या मुलास हाताशी धरले. परंतु येथे कोणी कोणाच्या दाराशी तिष्ठत उभे नव्हते. गाणे घरच्यांसाठी होते आणि मन लावून गायिलेले होते. योगायोग मागाहून आला, आणि तो फार थोड्यांच्या वाट्यास येतो.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेलंगणातील जगित्याल जिल्ह्यात लंबाडीपल्ली नावाचे खेडे आहे. श्रीकांत श्रीराम या तरुणाने २०१२ साली 'माय व्हिलेज शो' हे चॅनेल सुरू केले. विषय खेड्यातले, भाषा खेड्यातली, नटही खेड्यातलेच. शेतमजुरी करून आयुष्य काढलेल्या गंगव्वा या वृद्ध बाई त्यातूनच घरोघरी पोहोचल्या. २०१९ साली त्या 'आयस्मार्ट शंकर' या चित्रपटात दिसल्या आणि २०२० साली तेलुगू 'बिग बॉस'मध्ये गेल्या. अनेक वर्षांचे काम आधी, थोरामोठ्यांचे बोलावणे नंतर, असा हा क्रम आहे.

थोरांची ही ओळख आता विकतही मिळते, हेही जाणून असावे. अमेरिकेत २०१७ साली 'कॅमिओ' नावाची सेवा सुरू झाली. ठरलेली रक्कम भरली, की प्रसिद्ध व्यक्ती आपले नाव घेऊन व्हिडिओ धाडते. इन्स्टाग्रामवरील निळी खूण २०२३ पासून आपल्या देशातही मासिक शुल्काने मिळते. आणि जेथे हाव तेथे ठक! नटांच्या नावे खोटी खाती उघडून, "पैसे पाठवा, तुमच्या चॅनेलचा उल्लेख करू," किंवा "या दुव्यावर बोट ठेवा," असे सांगून भोळ्यांचे पैसे आणि त्यांचे चॅनेलही लुबाडले जाते. असा संदेश आल्यास उत्तर देऊ नये, आणि मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक कोणासही सांगू नये.

यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचा वाटा मिळण्यास एक हजार सबस्क्रायबर व वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण लागते. लहान 'शॉर्ट्स' करणाऱ्यांस निराळी अट आहे. त्यात कोठेही नामांकित व्यक्तीच्या शिफारशीचे कलम नाही. म्हणून तरुणांनो, आपला व्हिडिओ तिघांस दाखवा: एक त्या विषयाचा जाणकार, एक त्यातले काहीच न जाणणारा, आणि एक तोंडावर खरे बोलणारा. ते कोठे कंटाळले ते विचारा. पुढला व्हिडिओ त्याने सुधारेल. आणि प्रत्येक चित्रणाची मूळ प्रत निराळी जपून ठेवा. रागाच्या भरात पुसलेले पुन्हा हाती येईलच असे नाही.

आईबापांसही एक विनंती. "मोबाइल ठेव खाली" हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, आणि पुष्कळदा ते योग्यही असते. परंतु एखाद्या संध्याकाळी जेवणानंतर मुलाजवळ बसून, "काय केलेस ते दाखव पाहू," असेही म्हणावे. आवडले ते सांगावे, खटकले तेही सांगावे. परक्याच्या दाराशी मूल जे मागत असते, ते पुष्कळदा त्यास घरीच मिळावयास हवे असते.