संमती कोणाची?

स्वातंत्र्यवादाची चर्चा मराठीत निघाली की ती बहुधा बाजारपेठेपाशी येऊन थांबते. सरकारने व्यवहारात पडू नये असे एक पक्ष म्हणतो. ही धनिकांची वकिली आहे असे दुसरा म्हणतो. हा विचार बाहेरून आणि अलीकडे आला, हे मात्र दोघेही गृहीत धरतात. आमच्या मते या विचाराचा खरा कस आपल्याकडे १८९१ सालीच, संमतिवयाच्या कायद्याच्या निमित्ताने लागला होता.

त्या वादातील दोन प्रमुख मराठी नावे टिळक आणि आगरकर. दोघेही १८५६ च्या जुलैतले. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, आगरकरांचा कऱ्हाडजवळील टेंभूचा. १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते. कायद्याचा मुद्दा साधा होता : शरीरसंबंधास संमती देण्याचे मुलीचे वय दहावरून बारा करावे, आणि पतीही त्यातून सुटू नये.

टिळकांची भूमिका सनातनी म्हणून निकालात काढण्याची आपल्या अभ्यासक्रमांना सवय आहे. ती अन्यायाची आहे. परक्या, जनतेला उत्तरदायी नसलेल्या सरकारच्या हाती घराची किल्ली देऊ नये, सुधारणा शिक्षणाने आणि मनवळवणीने व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांना सुधारणा हव्यात त्यांनी स्वतःला लेखी बांधून घ्यावे, निर्बंध त्यांच्यापुरतेच असावेत, अशी सूचनाही त्यांनी केली होती. ही सूचना कोणत्याही स्वातंत्र्यवाद्याला आपलीच वाटावी. शिवाय सरकारविषयीची त्यांची भीती काल्पनिक नव्हती : पुढे १८९७ आणि १९०८ साली लिखाणापायी त्यांनाच राजद्रोहाची शिक्षा झाली.

तरीही या युक्तिवादात एक भोक आहे. करारावर सही करायची कोणी? बापाने किंवा नवऱ्याने. जिच्या देहाचा प्रश्न होता ती दहा वर्षांची मुलगी या व्यवहारात पक्षकारच नव्हती. मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झालेल्या आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली, यात काहींना विसंगती दिसते. कारण राज्याचे हातपाय आखडावेत हे तर स्पेन्सरचे आवडते प्रतिपादन. आम्हांस ती विसंगती वाटत नाही. एकाच्या बळजबरीपासून दुसऱ्याचे रक्षण करणे हे काम स्पेन्सरही राज्याकडेच ठेवतो. आगरकरांनी घरातील बळजबरीलाही बळजबरीच मानले, एवढेच. टिळकांचे एकक समाज होते, आगरकरांचे व्यक्ती. दोघेही स्वातंत्र्याचीच भाषा बोलत होते; भेद होता तो स्वातंत्र्य कोणाचे, यात.

हाच पेच शंभर वर्षांनी शेतकरी चळवळीत पुन्हा दिसतो. शरद जोशी यांनी १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतमालाच्या बाजारातील सरकारी जाचाविरुद्ध मांडणी केली आणि १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला. परंतु १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकऱ्याच्या घरातली शेतकरीण त्यांच्या विचाराच्या मध्यभागी आली. त्यातूनच ‘लक्ष्मीमुक्ती’ निघाली : शेतकऱ्यांनी स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन करावी. कायद्याचा बडगा न दाखवता झालेले हे काम मोलाचे होते. पण तिथेही किल्ली नवऱ्याच्याच हाती राहिली. त्याच्या औदार्यावर तिचे स्वातंत्र्य अवलंबून राहिले.

स्वातंत्र्यवादाची दिशा ठरवताना ‘सरकार किती?’ हा प्रश्न म्हणूनच दुसरा आहे. पहिला प्रश्न ‘व्यक्ती कोण?’ हा. तो सोडवल्याशिवाय ऐच्छिक कराराचे कितीही गोडवे गायले, तरी ज्यांच्या हाती आधीच सत्ता आहे त्यांची संमती तेवढी मोजली जाते. आणि जिथे संमती देण्याची पात्रताच नाही, किंवा ती देण्याघेण्याची मोकळीक नाही, तिथे कायद्याने दूर राहणे हा तटस्थपणा नव्हे. तो बलिष्ठाचा पक्ष घेणे आहे. राज्य एकदा घरात शिरले की बाहेर निघत नाही, हा टिळकांचा इशारा त्यामुळे खोटा ठरत नाही. त्यावर उपाय दार बंद ठेवणे हा नसून, राज्याने कोणत्या कामासाठी आत यावे हे नेमके लिहून ठेवणे हा आहे.

साहित्याच्या वर्गात आगरकर ‘निबंधकार’ म्हणून शिकवले जातात. त्यांच्या भाषेचा जोर, उपरोध, वाक्यरचना यांवर उत्तरे लिहिली जातात. त्या निबंधांतून व्यक्तीविषयीचा एक राजकीय सिद्धान्त उभा राहतो, हे वर्गात सांगितले गेले तर स्वातंत्र्याची चर्चा मराठीत कुठून सुरू करायची हे शोधायला आपल्याला दूर जावे लागणार नाही.