गाण्याचा गल्ला आणि अभिनयाची कसोटी

लोकप्रिय गायक चित्रपटात उतरला की निर्मात्याला हुकमी प्रेक्षकवर्ग लाभतो. परंतु त्या गायकाला नट म्हणून वाढू दिले जाते काय, हा खरा प्रश्न आहे. एल्व्हिस प्रेस्लीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरावे. १९५६ ते १९६९ या काळात त्याने ३१ कथापटांत भूमिका केल्या. 'किंग क्रेओल'मध्ये (१९५८) त्याच्यातील नटाची चुणूक दिसली होती. तथापि 'ब्लू हवाई'च्या (१९६१) यशानंतर रम्य स्थळे, गाणी आणि ध्वनिमुद्रिकांची विक्री असा साचाच बनून गेला. गल्ला भरत राहिला. नटाची वाढ मात्र खुंटली.

अमेरिकन पॉप गायिका अरियाना ग्रांडे हिच्या वाटचालीकडे या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. २००८ साली, पंधराव्या वर्षी, ती ब्रॉडवेच्या रंगभूमीवर आली. गायिका म्हणून कीर्ती त्यानंतरची. 'विकेड'मधील (२०२४) ग्लिंडाची भूमिका तिने केवळ नावलौकिकावर नव्हे, तर रीतसर चाचणी देऊन मिळविली. सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिला नामांकनही लाभले.

अर्थात 'विकेड' ही संगीतिकाच असल्याने कंठाचा आधार तेथे होताच. गाण्याविना भूमिका पेलणे ही यापुढील कसोटी होय. ती संधी निर्माते देतील की जुनेच यश पुन्हा वटवतील, हे अखेर प्रेक्षकांवरही अवलंबून आहे. प्रेस्लीचा साचा टिकला, तो तिकिटे खपत होती म्हणूनच.