कोरी जागा

यंदाच्या स्नेहसंमेलनात हस्तकलेचे प्रदर्शन भरले होते. रांगोळ्या, भरतकाम, थर्मोकोलचा रायगड यांच्या रांगेत एका कोपऱ्यात माझी वीतभर लांबीची मोटारही मांडलेली होती. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून आणि रंगवून केलेली शर्यतीची मोटार! मॅक्लारेन एमपी ४/४, साल १९८८. मूळ गाडीच्या एक-विसांश मापाची.

या गाडीबद्दल मला दोन अभिप्राय मिळाले. मोटारशर्यतींचे वेड असलेल्या एका मित्राने मागच्या पंखावर बोट ठेवले आणि म्हणाला, "अरे, इथे सिगारेटचं नाव हवं. ही जागा कोरी कशी? तुझी गाडी अपुरी आहे." दुसऱ्या दिवशी आमचे एक सर आले. त्यांनीही तीच जागा पाहिली आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "तंबाखूची जाहिरात वगळलीस, फार चांगलं केलंस." एकाने दोष दिला, दुसऱ्यांनी कौतुक केले. दोष तर मला पटला नाहीच, पण कौतुकही घशाखाली उतरेना. घरी आल्यावर विचार करू लागलो आणि ध्यानात आले की दोघांचीही चूक एकच आहे. मित्राचा मान आणि सरांचा आदर राखून ती मांडावी, एवढ्यासाठी हा लेख.

ज्यांना मोटारशर्यतींत गोडी नाही त्यांच्यासाठी चार शब्द. १९८८ साली फॉर्म्युला वनच्या सोळा शर्यती झाल्या. त्यांपैकी पंधरा या एका गाडीने जिंकल्या. आयर्टन सेना आणि अलँ प्रॉस्ट हे तिचे दोन चालक. सेनाने आठ जिंकल्या, प्रॉस्टने सात, आणि जगज्जेतेपद सेनाला मिळाले. सुटली ती एकच, इटलीतल्या मॉन्झाची. तिथे फेरारीचा बर्गर पहिला आला. दीड लिटरचे होंडाचे इंजिन, जमिनीलगत पसरलेले बसके अंग, आणि त्यावर पांढरा व झगझगीत तांबडा असे दोनच रंग. यंत्र म्हणून आणि चित्र म्हणूनही ही गाडी सुंदर आहे, यात वाद नाही.

मला ती जुन्या बाजारात सापडली. खोके ओलीने फुगलेले, पण आतले भाग सांगाड्यावर जसेच्या तसे. आमच्या घरी मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगचे काम. वडील ठोकतात, मोठे काका — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — रंग मारतात. त्यामुळे रंगाची मला भीती नव्हती. पण खऱ्या मोटारीचा पत्रा आणि हे प्लास्टिक यांत फार अंतर आहे. आमच्या थिनरने हे प्लास्टिक विरघळते. अण्णांनी आधी एका टाकाऊ तुकड्यावर नेहमीसारखा रंग मारून पाहिला, तर तुकडा सुरकुतला! मग ते म्हणाले, "हिला घाई चालायची नाही. धुक्यागत मार."

त्याप्रमाणे केले. प्रथम सगळे भाग साबणाच्या पाण्याने धुतले, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. नंतर प्रायमरचे विरळ हात. मधून मधून १२०० नंबरच्या पाण्याच्या पेपरने हलके घासणे. मग पांढरा. पांढरा संपूर्ण वाळल्याशिवाय तांबड्याला हात लावायचा नाही. हा तांबडा साधा नव्हे, तो लांबूनही डोळ्यांत भरावा असा चमकता आहे. असा रंग स्वतः पातळ असतो, खालून पांढरा असेल तरच तो पेटतो. कुठे करड्या प्रायमरवर बसला तर विझल्यासारखा दिसतो. दोन रंगांची सीमा तिरकी धावते. तिथे मास्किंग टेप लावून नखाने कडा दाबावी लागते, नाहीतर तांबडा खालून पाझरतो. माझा एके ठिकाणी पाझरलाच. तो भाग घासून पुन्हा पांढऱ्यापासून सुरुवात केली. त्यात दोन रविवार गेले.

रंगानंतर डेकल. डेकल म्हणजे पातळ पापुद्र्यावर छापलेली अक्षरे आणि चिन्हे. कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवली की कागदापासून सुटतात, मग बोटाने सरकवत गाडीवर बसवायची. काम सोपे वाटते, पण पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत नसेल तर पापुद्र्याखाली हवा राहते आणि वाळल्यावर तिथे चांदीसारखा डाग उठतो. म्हणून आधी लॅकरचा हात, मग डेकल, मग पुन्हा लॅकर. माझा डेकलचा कागद इतका जुना की पिवळा पडला होता. तो आठवडाभर खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवला, तेव्हा कुठे पिवळेपणा कमी झाला. वळणावर बसत नसलेल्या अक्षरांना पाणी घातलेल्या व्हिनेगरचे बोट लावले, ती नरमली. होंडा बसले, शेल बसले, सेनाचा १२ आकडा बसला.

आणि मार्लबरो? ते माझ्या कागदावर नव्हतेच! रंग कुठून कुठे मारायचा त्याचा तपशीलवार नकाशा खोक्यात होता, पण ज्या सिगारेटच्या नावाने ही गाडी वर्षभर धावली, ते नाव नव्हते. तंबाखूच्या जाहिरातीचे वावडे असल्याने खेळण्यांच्या खोक्यांतून अशी नावे गाळली जातात. हौशी लोक मग दुसऱ्या कारखान्यांनी छापलेली अक्षरे वेगळे पैसे मोजून मागवतात आणि कोरी जागा भरतात. यातली गंमत पाहा. एके काळी सिगारेट कंपनी आपले नाव गाडीवर यावे म्हणून संघाला पैसे देई. आज तेच नाव चिकटवण्यासाठी आम्ही पदरचे पैसे देतो!

मित्राचे म्हणणे असे की इतिहास जसा घडला तसा दाखवावा. म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. सरांचे म्हणणे असे की वाईट वस्तूचे नाव मिरवू नये. तेही खरे. मीसुद्धा गाडी पुरी झाली तेव्हा सरांच्याच बाजूचा होतो. नाव नाही, म्हणजे आपले हात स्वच्छ, असे समजून चाललो होतो. माझा तो समज अण्णांनी मोडला.

अण्णांना इंग्रजी येत नाही. मराठीही अडखळत वाचतात. वीस वर्षे गुटखा आणि पुढे मावा खाल्ल्याने त्यांचे तोंड आता दोन बोटांएवढेही उघडत नाही. सुपारीने गाल आतून आखडले आहेत, असे डॉक्टर सांगतात. भाकरी दुधात कुस्करून खातात, आणि बोलतात तेही मोजके. मी पुरी झालेली गाडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी रंगाची कड नखाने तपासली, ओघळ कुठे आहे का ते पाहिले. मग गाडी थोडी लांब धरली आणि म्हणाले, "ही तर शिग्रेटची पेटी रे!"

मी म्हटले, "अण्णा, नाव कुठे आहे तिच्यावर?"

"नाव कशाला पायजे? पानाच्या टपरीवर काय वाचून मागत्यात व्हय?"

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरी सगळ्यांची समजूत अशी, की अक्षर आले म्हणजे जग वाचता आले. माझीही तीच होती. मी अक्षरे शोधत होतो, ती नव्हती, म्हणून मला जाहिरात दिसली नाही. अण्णांना अक्षरांची अडचण नव्हती, म्हणून त्यांना ती नजरेच्या पहिल्या फेकीत दिसली. पांढऱ्यावर तांबड्याची ती तिरकी धाव, जिच्यासाठी मी दोन रविवार घासत बसलो होतो, ती पाकिटावरचीच होती. जाहिरात मी वगळलेली नव्हती. ती मी तीन हातांनी, लॅकर चढवून, स्वतः रंगवली होती!

मग मी शर्यतीच्या गाड्यांच्या रंगांची माहिती जमवू लागलो. एके काळी या गाड्यांना देशाचे रंग असत. इंग्रजांची हिरवी, इटलीची तांबडी, फ्रान्सची निळी, जर्मनांची रुपेरी. जपानच्या होंडाने १९६५ साली मेक्सिकोत आपली पहिली शर्यत जिंकली तेव्हा गाडीच्या पांढऱ्या अंगावर तांबडा सूर्य होता. १९६८ साली लोटस संघाने इंग्रजी हिरवा सोडला आणि गोल्ड लीफ सिगारेटच्या पाकिटाचे तांबडा, पांढरा, सोनेरी हे रंग अंगावर घेतले. १९७२ पासून तोच संघ जॉन प्लेयर स्पेशलच्या काळ्या-सोनेरी रंगात आला, आणि त्याच साली त्या गाडीत बसून इमर्सन फिटीपाल्डी जगज्जेता झाला. मॅक्लारेन आणि मार्लबरो यांची जोडी तर १९७४ ते १९९६ टिकली. म्हणजे गाडीला रंग देऊन वर नाव लिहिले, असे झालेच नाही. गाडीलाच पाकीट केले गेले. नाव हा त्या पाकिटाचा एक लहानसा भाग.

हे कंपन्यांना पुरते ठाऊक होते. युरोपीय संघात २००५ साली तंबाखूचे असे प्रायोजकत्व बंद झाले. पुढे फेरारीच्या गाडीवर नावाच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आल्या, दुकानातल्या मालावर असतात तशा. या रेघा पाकिटाचीच आठवण करून देतात, असा आक्षेप निघाला. संघाने तो नाकारला, पण मे २०१० मध्ये रेघा काढून टाकल्या. नाव नसताना जाहिरात होते की नाही, हा वाद ज्यांनी घातला ते काही वेडे नव्हते.

वाचक म्हणतील, कुठली ती शर्यत आणि कुठली ती गाडी, आपला तिच्याशी काय संबंध? संबंध आहे. १९९६ चा क्रिकेटचा विश्वचषक आपल्याकडे झाला तो एका सिगारेटच्याच नावाने. २००३ साली आपल्या देशात तंबाखूच्या जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. कायदे चांगलेच आहेत. पण आज दूरदर्शन संचावर सिनेनट वेलदोड्याची आणि पानमसाल्याची स्तुती करताना दिसतात. जे नाव, जो रंग, जी अक्षरांची वळणे तंबाखूच्या पुडीवर, तीच वेलदोड्याच्या डबीवर. कायद्याने जेवढी जागा कोरी करायला सांगितली तेवढी कोरी केली, बाकी सगळे जिथल्या तिथे. ज्याला अक्षर येते तो "वेलदोडा" असे वाचतो आणि निश्चिंत होतो. ज्याला येत नाही तो रंग ओळखतो आणि टपरीवर जातो. आपण साक्षर लोक ज्या बंदीवर समाधानी असतो, ती बंदी अण्णांसारख्यांपर्यंत पोहोचलेलीच नसते.

म्हणून मित्राला माझे उत्तर असे: नाव नसले तरी गाडी अपुरी नाही. जे सांगायचे ते ती पुरेपूर सांगते आहे. त्या चार अक्षरांसाठी मी आणखी पैसे मोजणार नाही. आणि सरांना नम्रपणे सांगायचे ते असे, की आपण केलेले कौतुक मला घेता येत नाही. कोरी जागा ठेवण्यात माझा काही संयम नव्हता. कागदावर अक्षरे नव्हती, एवढेच. शिवाय कोरी जागा पाहून आपल्याला बरे वाटले, तसेच मलाही वाटले होते, आणि माझे आक्षेपाचे मूळ तिथेच आहे. वाईट गोष्टीचे नाव पुसले की ती गोष्टच पुसली गेली, असे आपल्याला वाटू लागते, आणि मग आपण तिच्याकडे पाहायचे सोडून देतो.

कोणी म्हणेल, मग ही गाडी करूच नये. तेही मला मान्य नाही. पंधरा विजय खरे आहेत, सेनाचे कसब खरे आहे, ती रेखीव बांधणी खरी आहे. आणि ते वैभव ज्या पैशावर उभे होते तो पैसाही खरा आहे. सुंदर वस्तूचा पैसा कुठून आला हे विचारल्याने तिचे सौंदर्य कमी होत नाही. न विचारल्याने मात्र आपली नजर अधू होते. गाडी करावी, मन लावून करावी, आणि ती काय आहे ते स्पष्ट सांगावे.

प्रदर्शनात गाडीपुढे फक्त माझे नाव आणि वर्ग लिहिलेली चिठ्ठी होती. घरी आणल्यावर मी ती काढली. लाकडाची पट्टी घासून, तिला पांढरा रंग देऊन, तिच्यावर काळ्या रंगाने मराठीत लिहिले: "मॅक्लारेन, १९८८. सोळा शर्यतींत पंधरा विजय. रंग सिगारेटच्या पाकिटाचा." अक्षरे मी काढली. पट्टीवर हात मात्र अण्णांनी मारून दिला. लिहिलेले त्यांना मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पट्टी गाडीच्या थोडी पुढे सरकवली, आडोसा होऊ नये म्हणून.

— द्वितीय वर्ष, कला शाखेचा एक विद्यार्थी