लाकडी पंख आणि सुताराचा हात

पौडच्या पुढे ताम्हिणीकडे निघाले की आषाढात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. दारे फुगली, कपाटाचे खण अडकले, पलंगाखाली बुरशी आली. लाकूड हवेतले पाणी पिते, हे मुळशीकराला शास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. अशा या तालुक्यात कोणा हौशी गृहस्थाने बंगल्याच्या गॅरेजमध्ये जुन्या छोट्या विमानाचा लाकडी पंख दुरुस्तीला घेतला, तर काय होईल? शेजारी त्याला वेड्यात काढतील आणि सरकारी कचेरीत त्याचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील.

वस्तुतः हे वेड नव्हे. भारतीय वायुसेनेतील वैमानिकांच्या पहिल्या पिढ्यांनी ज्या ‘टायगर मॉथ’वर धडे गिरवले, त्याच्या पंखांचे मुख्य कणे स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाचे, बरगड्याही लाकडाच्या आणि त्यावर ताणलेले कापड. असे एक जुने विमान २०१२ च्या वायुसेनादिनी हिंडनच्या आकाशात पुन्हा दिसले, तेव्हा अनेकांचा ऊर भरून आला. मात्र त्याची पुनर्बांधणी झाली ती ब्रिटनमध्ये. त्यासाठी वायुसेनेला दोष देणे अन्यायाचे ठरेल. जिथे काम जाणणारे हात होते तिथे विमान गेले. प्रश्न आपल्याला आहे. गावगाड्यात सुताराला मानाचे स्थान देणाऱ्या या देशात ते हात का नसावेत? १९६१ साली ‘रोहिणी’ हे लाकडी बांधणीचे दोन आसनी ग्लायडर भारतीय अभियंत्यांनी आखले आणि उडवले. म्हणजे ही विद्या येथे होती, ती आपण हातची जाऊ दिली.

अर्थात केवळ अभिमानाने पंख जोडला जात नाही. दुसऱ्या महायुद्धात लाकडी ‘मॉस्किटो’ विमाने भारतात आली आणि १९४४ च्या अखेरीस काहींचे पंख हवेतच निखळले. उड्डाणे थांबवून चौकशी करावी लागली. कारखान्यातील जोडकामाच्या उणिवा आणि येथील दमट उष्ण हवा, दोन्हींवर बोट ठेवले गेले. पूर्वीच्या लाकडी विमानांत दुधातील केसीनपासून केलेला सरस वापरीत. ओल मिळाली की त्याला बुरशी खाते. म्हणून कृत्रिम रासायनिक सरस पुढे आला. मुळशीच्या गॅरेजवाल्याने हा इतिहास भिंतीवर लिहून ठेवावा. लाकडातील ओलावा मोजल्याशिवाय रंधा हाती घेऊ नये. कण्याला तुकडा जोडायचा तर तिरपा सांधा जाडीच्या दहा-बारा पट लांब हवा. प्रत्येक वेळी त्याच सरसाने एक नमुना जोडून तोडून पाहावा: लाकूड फाटले तर जोड खरा, सरसाची रेघ सुटली तर सारे काम पुन्हा. खिडकीच्या चौकटीत चूक झाली तर वारा आत येतो. येथे चूक झाली तर माणूस जातो.

तेव्हा नियम नकोत असे कोणी म्हणणार नाही. नियमाला वाट हवी, एवढेच. कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना नोंदणीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. त्यांचे विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईत लोकांनी पाहिले, नोंदणी मिळाली २०१७ मध्ये आणि तीही मुख्यमंत्री-पंतप्रधानांनी लक्ष घातल्यावर. प्रत्येक हौशी कारागिराने पंतप्रधानांपर्यंत पोहोचावे, अशी अपेक्षा आहे काय? अमेरिकेत १९५३ पासून अशा मंडळींची संघटना उभी आहे. निम्म्याहून अधिक काम स्वतः, शिकण्यासाठी व हौसेसाठी केलेल्या विमानाला तेथे प्रयोगात्मक प्रमाणपत्र मिळते. विमान भाड्याने चालवता येत नाही, तपासणीही सुटत नाही.

आपल्याकडे याहून सोपी सुरुवात होऊ शकते. हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रामुळे पुण्याला उड्डाणाची परंपरा आहे, मुळशीत जागा आहे, पिरंगुटला कारखाने आहेत. निवृत्त विमान-अभियंत्याने संध्याकाळी दोन तास द्यावेत, गावच्या सुताराच्या मुलाने पटाशी घेऊन त्याच्या शेजारी बसावे. नागरी उड्डयन खात्याने एक अधिकृत तपासनीस नेमून द्यावा आणि त्याने एकदाच, पण योग्य वेळी यावे: पंखावर कापड चढण्यापूर्वी, सगळे सांधे उघडे दिसत असताना.