मांडूची गोष्ट माणसाच्या तोंडून ऐकू द्या

मध्य प्रदेशात धारजवळ असलेल्या मांडूवर पॉडकास्ट काढायचा तर आता मांडूला जावंही लागत नाही. चार लेख गूगलच्या नोटबुकएलएमला दिले की काही मिनिटांत दोन आवाज तिथल्या जहाज महालाविषयी गप्पा मारू लागतात, मधेच हसतात, दादही देतात. ही सोय सप्टेंबर २०२४ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी पन्नासहून अधिक भाषांत पोचली. अमेरिकेतली इन्सेप्शन पॉइंट एआय ही कंपनी आठवड्याला सुमारे ३,००० भाग काढते, असं तिनंच २०२५ मध्ये सांगितलं. एका भागाला खर्च फार तर एक डॉलर.

यंत्र बंद पाडा, असं माझं म्हणणं नाही. पण जे कुठे तरी लिहिलं गेलंय तेवढंच ते बोलणार. मांडूचा सुलतान बाजबहादूर आणि रूपमती यांची प्रेमकथा ते सांगेल, कारण ती १५९९ मध्ये फारसीत लिहिली गेली आणि १९२६ मध्ये इंग्रजीत आली. अकबराचा सरदार अधमखान याची माळव्यावरची १५६१ ची स्वारी सांगेल. दुसरा बाजीराव धारच्या किल्ल्यात जन्मला, हेही सांगेल. पवारांच्या धार-देवासात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांत काय बोललं गेलं, दाल-बाफल्यांच्या पंगतीत पुरणपोळी कशी शिरली, हे त्याला कुठून कळणार? तिथली मराठीही वेगळी. 'तो येऊन राहिलाय' ऐकलं की पुणेकरांच्या भुवया चढतात; चढू द्यात. यंत्राच्या घोटीव मराठीत असलं काही ऐकू येणार नाही.

गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयानं आजारी होऊन देवासला आले. गाणं बंद होतं, कान उघडे होते. आसपासच्या बायका गात त्या माळवी लोकधुना त्यांनी ऐकल्या, टिपल्या, पुढे मैफलीत आणल्या. इकडे महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या हजारो त्या बायकांच्याच आवाजात जपल्या गेल्या. कुणी तरी समोर जाऊन बसलं, म्हणून हे झालं.

तसं समोर बसून ऐकलेलं टिपायला आज आपल्याकडे फोन आहे. धार, देवास, इंदूरमधल्या आणि तिथून पुण्या-मुंबईला गेलेल्या प्रत्येक मराठी घराला माझी विनंती आहे: या दिवाळीच्या आत घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाचा अर्धा तास रेकॉर्ड करा. पंखा बंद, टीव्ही बंद. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घ्या. एक प्रत घरी ठेवा, एक गावच्या महाराष्ट्र समाजाकडे किंवा वाचनालयाकडे द्या. मात्र परवानगीशिवाय इंटरनेटवर टाकू नका. आवाजाची नक्कल करायला हल्ली काही सेकंदांचा नमुनाही पुरतो.

मांडूला गेलात तर कानात इअरफोन न घालता गाइड घ्या. त्याची निम्मी गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, असू दे. मधेच अडवलंत तर तो वाद घालतो, आणि 'हे तुम्हाला कुणी सांगितलं' विचारलंत तर बहुधा स्वतःच्या वडिलांवर येतो. तेही रेकॉर्ड करा, त्याला विचारून आणि त्याचे पैसे देऊन.

पॉडकास्ट काढणाऱ्या मित्रांनो, आवाज यंत्राचा असेल तर पहिल्याच वाक्यात तसं सांगा.

आणि घरी आजीसमोर बसल्यावर पहिला प्रश्न सुचला नाही, तर हा घ्या: लग्न होऊन देवासला आलीस, तेव्हा बाजारात भाजी कशी मागितलीस?