ऑलिव्हरची भाषा

व्हिक्टोरियन इंग्लंडातील गरिबांविषयी लिहावयास सांगितले, की आमचे विद्यार्थी डिकन्सचे नाव घेऊन मोकळे होतात. आणि आम्ही अध्यापक मंडळीही त्या उत्तराला बरे गुण देतो. हा व्यवहार तपासून पाहिला पाहिजे असे आम्हांस वाटते.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’ १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यामागे १८३४ चा गरीबविषयक कायदा उभा आहे. वर्कहाउसमधले जिणे बाहेरच्या सर्वांत हलाखीतल्या मजुराच्या जिण्याहूनही वाईट असावे, म्हणजे तेथे कोणी सुखासुखी येणार नाही, हे त्याचे उघड तत्त्व. नवरा, बायको, मुले यांना तेथे वेगवेगळे ठेवीत. १८४५ साली अँडोव्हरच्या वर्कहाउसची हकिकत बाहेर आली : खतासाठी हाडे कुटण्याच्या कामावर लावलेली माणसे भुकेपोटी त्याच कुजक्या हाडांतला मगज खात होती. (कादंबरीतील लापशीचा प्रसंग ज्यांना अतिशयोक्त वाटतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.) डिकन्सचा संताप खराच होता.

शंका आहे ती नायकाविषयी. वर्कहाउसात जन्मलेला, अनाथ म्हणून वाढलेला हा पोर इतके स्वच्छ, सुसंस्कृत इंग्रजी बोलतो कसा? रस्त्यावरची बोली येते ती खिसेकापू डॉजरच्या तोंडी. आणि अखेरीस ऑलिव्हर चांगल्या घरचा निघतो. वाचकाची कणव मिळवायची तर गरीब मूल मुळात गरीब असता कामा नये, असाच याचा अर्थ होत नाही काय? डिकन्स स्वतः बाराव्या वर्षी बूटपॉलिशच्या कारखान्यात राबला होता. वडील तेव्हा कर्जापायी तुरुंगात होते. ही गोष्ट त्याने वाचकांपासून जन्मभर लपविली. ती उघड झाली त्याच्या मृत्यूनंतर, फोर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. ज्याची लाज इतकी खोल, त्याच्याकडून गरिबाच्या जिभेची अपेक्षा किती करावी?

म्हणून ‘ऑलिव्हर’च्या शेजारी हेन्री मेह्यूचे ‘लंडन लेबर अँड द लंडन पुअर’ ठेवावे, असा आमचा आग्रह आहे. १८४९ पासून मेह्यू ‘मॉर्निंग क्रॉनिकल’साठी लंडनच्या कष्टकऱ्यांना भेटत होता. गटारांत उतरून मोडतोड वेचणारे, कातडी कमावणाऱ्यांना विकण्यासाठी कुत्र्यांची विष्ठा गोळा करणारे, अशी माणसे त्याच्या पानांवर आपला धंदा, भाव आणि दिवसाची कमाई स्वतः सांगतात. मेह्यू निर्दोष नव्हे. माणसांची वर्गवारी करण्याची त्याची हौस आज खटकते, आणि ऐकलेले बोलणे त्याने कितपत घडविले हा प्रश्नही उरतोच. तरीही सांगणारा ‘मी’ तेथे आहे. ‘बलुतं’ (१९७८) शिकविणाऱ्या आम्हांला त्या ‘मी’चे मोल वेगळे सांगावे लागू नये.

त्यात एक आठ वर्षांची मुलगी आहे. पहाटेच्या थंडीत फॅरिंग्डनच्या बाजारातून वॉटरक्रेसचा पाला घ्यायचा, जुड्या बांधून दारोदार विकायचा. भाव करताना तिला कोणी फसवू शकत नाही. मेह्यूला वाटले होते की तिच्याशी लहान मुलासारखे बोलावे, खेळण्यांविषयी विचारावे. तो विषय तिच्याशी चालेचना. तिचे नाव त्याने नोंदविलेले नाही.